सहल भद्रावतीस न्यावी

सहल म्हटली की वेरूळ-अजिंठा, आणि खर्च झेपत नाही म्हणून कित्येक मुले घरीच! वस्तुतः चंद्रपुराहून सात-आठ कोसांवर भद्रावती आहे. तेथे विजासन टेकडीचा खडक पोखरून बौद्ध लेणी केलेली आहेत. सरळ आत गेलेल्या लांब दालनाच्या शेवटी बुद्धाची भव्य बैठी मूर्ती आहे. ह्युएनत्संगाने सातव्या शतकात पाहिलेली कोसलची राजधानी ती हीच, असे कनिंगहॅमसाहेबांचे अनुमान; विद्वानांत त्याविषयी मतभेद आहेत, आणि मुलांनी तेही ऐकावे. मात्र हे स्थान केवळ पुराणवस्तू समजू नये. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी चंद्रपुरास सहस्रावधी लोकांस धम्मदीक्षा दिली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ती मूर्ती आज वंदनीय आहे. तेव्हा जोडे बाहेर काढावेत, भिंतीवर नाव कोरणाऱ्याचा हात सोबत्यानेच धरावा, आणि डबे टेकडीखाली उघडावेत.