उष्टं-खरकटं कळतं, ओला-सुका कळत नाही

मराठी माणसाला कचरा वेगळा करता येत नाही, हे मला कुणीही सांगू नये. ज्या भाषेत उष्टं वेगळं, खरकटं वेगळं, शिळं वेगळं आणि पारोसं वेगळं. ज्या घरांत खरकटा हात लोणच्याच्या बरणीला लागला म्हणून दिवसभर बोलणी खावी लागायची, त्या घरांतल्या माणसांना बटाट्याची सालं एका बादलीत आणि बिस्किटाचा कागद दुसऱ्या बादलीत टाकणं जमू नये? अहो, आपण तर वर्गीकरणात पीएचडी केलेली माणसं!

आणि रद्दीचं काय? वर्तमानपत्रं वेगळी, वह्यापुस्तकं वेगळी, दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, दोऱ्याने बांधून. काचेच्या बाटल्या माळ्यावर. महिन्याच्या शेवटी रद्दीवाल्याशी तराजूवरून भांडण. हे सगळं आपण वर्षानुवर्षं केलं, कुठल्याही महापालिकेने न सांगता. का? तर त्याचे चार पैसे मिळायचे. म्हणजे प्रश्न येण्या-न येण्याचा नाही. ज्यात आपला फायदा ते वेगळं करता येतं, ज्यात दुसऱ्याचा फायदा ते करायला मात्र वेळ नसतो. एवढं साधं आहे ते.

हे आज लिहायला कारण घडलंय. आमच्या सोसायटीच्या येत्या सभेपुढे एक ठराव आहे. रोज सकाळी ढकलगाडी घेऊन कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना 'थांबवायचं' आणि एका खाजगी एजन्सीला कंत्राट द्यायचं. एजन्सीची खासियत काय? ती कचरा एकत्र घेते. ओला-सुका अशी 'कटकट' नाही. एक मोठी काळी पिशवी दारात ठेवा, झालं. चौऱ्याऐंशी फ्लॅट्सपैकी निम्म्याहून जास्त लोकांना ही कल्पना फार आवडली आहे. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला.

गेली तीन वर्षं आम्ही आठ-नऊ जण इथे ओल्या-सुक्याच्या मागे लागलोय. घरोघरी जाऊन बोललो, पत्रकं लावली, नव्या भाडेकरूंना बादल्या नेऊन दिल्या. (भाडेकरू ऐकत नाहीत हा आणखी एक लाडका गैरसमज. आमच्याकडे सगळ्यात शिस्तीने कचरा देणारी चार मुलं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. सगळ्यात बेशिस्त कोण, ते सांगत नाही, ते कमिटीवर आहेत.) या तीन वर्षांत एक वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही. ते वाक्य म्हणजे, "आपण वेगळं करून काय उपयोग? शेवटी गाडीत सगळं एकत्रच करतात!"

हे वाक्य म्हणताना चेहऱ्यावर एक विशिष्ट समाधान असतं. व्यवस्थेचं गुपित आपल्याला कळलंय, तुम्ही भाबडे, असं काहीतरी. तर या वाक्याचा एकदाचा निकाल लावू या.

गाडीत कधीच एकत्र करत नाहीत, असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी करतात, मी पाहिलंय. पण आमच्या इथे काय होतं ते बघायला मी सलग काही दिवस सकाळी खाली जाऊन उभी राहिले. मावशी आल्या. ओल्याचा डबा वेगळा, सुक्याचं पोतं वेगळं. मग कोपऱ्यावर बसून त्यांनी सुकं निवडायला घेतलं. पुठ्ठा, पांढरा कागद, बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा. विकण्याजोगं सगळं गाडी येण्याआधीच बाजूला निघालं. ते भंगारवाल्याकडे जातं, तिथून पुढे कारखान्यात. म्हणजे पुढची गाडी कितीही गबाळी असली तरी तुम्ही कोरडा दिलेला पुठ्ठा तिच्यात जातच नाही! आणि त्या चार-पाच दिवसांत जे काही एकत्र झालेलं पाहिलं ते गाडीत नव्हतं झालेलं. आमच्या घरातच झालं होतं. वर्तमानपत्रावर ओतलेली आमटी, दह्याच्या डब्यात कोंबलेला डायपर. तुम्ही वर एकत्र करायचं आणि खाली जाऊन म्हणायचं, बघा, एकत्रच करतात!

आमटी पडलेल्या पुठ्ठ्याला भाव येत नाही, ही गोष्ट आपल्याला क्षुल्लक वाटते. मावशींची ती कमाई असते. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार केला, त्यातली मुख्य गोष्टच ही होती की कचरा उचलणारीला घराघरातून महिन्याचे पैसे मिळतील आणि सुक्या कचऱ्यावर तिचा हक्क राहील. त्याच्या मागे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. या बायकांपैकी बहुतेक दलित. आधी कचराकुंड्यांत वाकून, कुत्र्यांशी झोंबून जे वेचायचं ते त्या आता दारात येऊन, ओळखपत्र घालून घेतात. एवढ्या एका बदलाला किती वर्षं लागली! आणि तो बदल टिकतो कशावर? तर आपण सुकं कोरडं देतो की नाही यावर.

सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, अशी मोहीम याच बायकांनी काढली. मागणी काय, तर उघड्या पॅडला आमचा हात लागू नये. ती घेऊन मी एका सुशिक्षित घरी गेले तेव्हा मला उत्तर मिळालं, "त्यांना सवय असते हो." यावर काय बोलणार? सोवळं-ओवळं गेलं म्हणतात. गेलं नाही, कचऱ्याच्या बादलीत जाऊन बसलंय. घाण करण्याचा अधिकार आमचा, हात लावायचं काम त्यांचं.

आता दुसरी बाजू. ओलं वेगळं ठेवलं तर त्याचं खत होतं किंवा गॅस होतो. तेच ओलं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ढिगात गाडलं की हवा लागत नाही, ते सडतं, मिथेन तयार होतो, खालून काळं पाणी झिरपतं. मुंबईत देवनारला १९२७ पासून ढीग साठत आलाय. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ढीग पेटायला असला गॅसही कारण होतो.

पुणेकरांनी मुंबईला हसू नये. आपला डेपो पूर्वी कोथरूडला होता, आज जिथे मेट्रोचा डेपो आहे तिथे. कोथरूड वाढलं, बंगले झाले, वास यायला लागला, मग डेपो उचलून उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला. वास तोच, नाकं बदलली. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं. गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या, शहरात रस्त्यारस्त्यावर कचरा साठला, आणि तेव्हा कुठे 'ओला-सुका' हे शब्द आपल्या कानात नीट शिरले. पर्यावरणप्रेमाने नव्हे! आपल्या गॅलरीखाली वास आला म्हणून. नियम तर २००० सालापासून होते. २०१६ च्या नियमांनी ते आणखी कडक करून घरातच तीन भाग करायला सांगितलं आणि मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असंही म्हटलं. वाचले कुणी?

आमच्या सोसायटीत गांडूळखताचा खड्डा आहे. बांधकामाच्या वेळी झाला, मालमत्ता करात सवलत मिळते म्हणून. आम्ही हात लावेपर्यंत त्यात टाइल्सचे तुकडे आणि एक मोडका टीव्ही होता. सुरू केला तर महिन्यात वासाच्या तक्रारी. कारण सोपं होतं, सगळं ओलंच पडत होतं, कोरडं काहीच नाही. आणि त्याच वेळी आवाराच्या दुसऱ्या टोकाला माळी बदामाची पानं गोळा करून जाळत होता! ती पानं ओल्यावर थरथर पसरायला लागलो, आठवड्यातून दोनदा ढवळायला लागलो, वास गेला. यात कुठलंही विज्ञानाचं आश्चर्य नाही. पण ढवळायला कोण येतं? पाचजण. गेल्या वर्षी दोन ऑक्टोबरला मात्र पंचेचाळीस जण आले होते. टोप्या, टी-शर्ट, हातात कोरे करकरीत झाडू, फ्लेक्स. रस्त्यावरची पानं या कडेची त्या कडेला गेली, फोटो निघाले, नाश्ता झाला. त्या नाश्त्याच्या थर्माकोलच्या प्लेट्स आणि पाण्याच्या बाटल्या दुसऱ्या दिवशी मावशींनी उचलल्या.

फ्लेक्सवर गाडगेबाबांचं चित्र होतं. गाडगेबाबा गावात आले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आपण कीर्तन ठेवलं आणि झाडणं आउटसोर्स केलं.

एजन्सीची बाजू मांडणारे म्हणतात, ताई, तुम्ही भावनिक होताय, हा सोयीचा प्रश्न आहे. बरं, सोयीचंच बोलू. मावशी नऊ वर्षं येताहेत. पावसात येतात, दिवाळीत पाडव्याला येतात. त्यांना काढायचं कारण ठरावात 'व्यावसायिकता' असं लिहिलंय. मी विचारलं, म्हणजे काय? तर एजन्सीची माणसं युनिफॉर्ममध्ये येतात आणि "बिनबोभाट" नेतात. मावशी बोलतात, हे खरं आहे. तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्या थेट म्हणतात, "काकू, काच उघडी टाकू नका, माझा हात कापला." हा बोभाटा अनेकांना सहन होत नाही, असं मला वाटतं. कचरा नेणाऱ्याने आपल्याला काही ऐकवावं हेच खटकतं. काळी पिशवी काही ऐकवत नाही.

मी कोटेशन दोनदा वाचलं. त्यात दर आहे, वेळ आहे, सुट्ट्या आहेत, जीएसटी आहे. कचरा कुठे नेणार ते कुठेच नाही. सभेत मी एवढंच मागणार आहे की सही करण्याआधी त्या जागेचं नाव करारात लिहून घ्या आणि ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन या, रिक्षाचे पैसे मी देते.

सभा रविवारी सकाळी दहा वाजता, पार्किंगमध्ये. कोरम झाला नाही तर साडेदहाला, त्याच जागी.