मर्जी कुणाची, गल्ला कुणाचा

'माझं शरीर, माझे पैसे, माझी मर्जी.' सिगारेट ओढणाऱ्यांची ही त्रिसूत्री मी वर्षानुवर्षं छाती काढून म्हटली आणि सिगारेट सुटल्यापासून रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकतो. तिच्यातली पहिली दोन कलमं मला मान्य आहेत. शरीर तुमचंच जळतं आणि पैसेही तुमच्याच खिशातून जातात. तिसरं मात्र धादांत खोटं आहे. ज्याला दर तासा-दोन तासांनी हातातलं काम टाकून उठावंच लागतं, त्याने मर्जीच्या गप्पा मारू नयेत. आज नको, असं एक दिवस तरी सुखाने म्हणता येत असेल तर मर्जी. नाहीतर ती हजेरी.

फुफ्फुसं आणि कर्करोग यांबद्दल डॉक्टर बोलतील, ते त्यांचं काम. माझा मुद्दा माणसाच्या वेळापत्रकाचा आहे. नाटकाचा पहिला अंक संपत आला की प्रेक्षागृहातला ओढणारा ओळखायला दिवा लागत नाही. तो खुर्चीत पुढे सरकलेला असतो, एक हात खिशावर. रंगमंचावर नायिका घर सोडून निघालेली असते आणि याचा हिशेब चाललेला असतो : डावीकडे पाच माणसं, मग जिना, मग फाटक. पडदा पडतो न पडतो तोच हा बाहेर. आवारात बटाटेवड्याची रांग लागलेली, ओळखीपाळखीचे भेटताहेत, बायको दोन चहा हातात घेऊन उभी. आणि हा रस्त्याच्या कडेला, रिक्षांच्या गर्दीत. तिसरी घंटा झाली की दोन घाईचे झुरके, थोटूक चपलेखाली, आणि अंधारात लोकांचे पाय तुडवत परत. तिकीट पूर्ण नाटकाचं काढतो आणि बघतो त्याच्या निम्मं.

दवाखान्यात याहून वाईट. घरचं माणूस आत सलाइनवर असतं, टपरी फाटकाशीच असते. डॉक्टर राउंडला येतात, विचारतात, ''पेशंटबरोबर कोण आहे?'' शेजारच्या खाटेवरच्या आजी सांगतात, ''आत्ताच खाली गेले.'' ओढणाऱ्याचं निम्मं आयुष्य या 'आत्ताच खाली गेले'मध्ये जातं. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तो मागच्या दाराशी असतो, स्मशानात चिता पेटली की भिंतीपलीकडे. कुणीही त्याला बांधलेलं नसतं. बांधायची गरजच नसते, हा आपणहून जातो.

यावर ठरलेलं उत्तर येतं : 'टेन्शन असतं यार.' असतं ना! पण ते आणलं कुणी? झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत त्याची रक्तातली पातळी निम्म्यावर येते. मग अस्वस्थपणा, चिडचिड, कशात लक्ष न लागणं. पुढची सिगारेट हा अस्वस्थपणा घालवते, आणि तो तर मागच्या सिगारेटने आणलेला असतो. सावकार जुन्या कर्जाचं व्याज फेडायला नवं कर्ज देतो आणि कूळ त्याचेच पाय धरतं, तसली ही सुटका. साहेबाचं ओरडणं, मुलीची फी, घराचा हप्ता, यातलं काहीही धुराने एका पैशाने कमी होत नाही.

आणि हे स्वातंत्र्याच्या नावाने विकलं गेलं, ही खरी कमाल. १९२९ साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर ईस्टरच्या मिरवणुकीत काही तरुणींनी सिगारेटी पेटवल्या. त्या 'स्वातंत्र्याच्या मशाली' आहेत, असं वर्तमानपत्रांना सांगण्यात आलं. या देखाव्यामागचं डोकं होतं एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धीतज्ज्ञाचं आणि पैसा अमेरिकन टोबॅको कंपनीचा. बाईच्या हक्कांशी कंपनीला काडीचंही देणंघेणं नव्हतं. तिला निम्मं गिऱ्हाईक अजून बाकी दिसत होतं. आपल्याकडेही वेगळं काही झालं नाही. १९९६चा क्रिकेट विश्वचषक 'विल्स'च्या नावाने झाला, आपले फलंदाज छातीवर सिगारेटचं नाव मिरवत धावा काढत होते. 'रेड अँड व्हाइट' तर चक्क शौर्याचे पुरस्कार वाटायची! मर्दानगी त्यांनी द्यायची आणि खोकला आपण घ्यायचा.

त्यांना काय विकतोय हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. निकोटिनची सवय जडते हे 'ब्राउन अँड विल्यमसन' या अमेरिकी कंपनीच्या १९६३ सालच्या अंतर्गत टिपणात स्वच्छ लिहिलेलं आहे. १९९४ साली त्याच कंपनीसह सात तंबाखू कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगत होते की, निकोटिन व्यसन लावत नाही. जे तीस वर्षं ओठांवर हसू ठेवून हे रेटून नेऊ शकतात, त्यांचा माल ओढून आपण बंडखोर ठरतो म्हणे!

आपलं सरकार यात सोवळं आहे, असंही नाही. लोकांच्या आयुष्याचा विमा उतरवणारं एलआयसी हे देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीच्या बड्या भागधारकांपैकी एक. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात याविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली. याचिकाकर्त्यांत तोंडाच्या कर्करोगाने गेलेले माजी मंत्री सतीश पेडणेकर यांच्या पत्नीही होत्या. म्हणजे मरणाचा धंदा आणि मरणाचा विमा, दोन्हीकडून हप्ता. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर भीषण चित्र छापण्याची सक्ती २०१६पासून आहे. पण टपरीवर पाकीट घेतो कोण? तिथे 'एक छोटी दे' म्हटलं की टपरीवाला दोन बोटांनी एक काढून देतो, ती दोरीला टांगलेल्या लायटरवर पेटते आणि चित्र काउंटरमागेच राहतं. सप्टेंबर २०२०मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट विकायला बंदी केली. ती बंदी पाहायची असेल तर कुठल्याही कॉलेजसमोर पाच मिनिटं उभे राहा.

आमचे बुद्धिवंत तर आणखी थोर. धुराशिवाय लेखणी चालत नाही म्हणतात. धुराने कुणाची कविता सुधारल्याचं माझ्या पाहण्यात नाही, मैफलीतल्या बाकीच्यांचे डोळे चुरचुरल्याचं मात्र रोज पाहिलं आहे. दुसरी जमात सोडलेल्यांची. सिगारेट सुटली की काही जण लगेच कीर्तनाला उभे राहतात आणि इच्छाशक्तीचे पोवाडे गातात. त्यांना कळत नाही की, ही कंपन्यांची आवडती ओवी आहे. सगळं इच्छाशक्तीवरच असेल तर ज्याची सुटत नाही तो नेभळट, आणि कारखाना निर्दोष! शरीराची ओढ पहिले दोन-तीन दिवस फार छळते, पुढच्या काही आठवड्यांत ओसरते. तलफेची एकेक लाट काही मिनिटांची असते. निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, डॉक्टर औषध देतात, १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. त्यात कमीपणा कसला? फसवणाऱ्याने प्रयोगशाळा वापरली, सुटणाऱ्याने दातओठ खातच सुटलं पाहिजे असा नियम कुणी केला?

सुटल्यावर मिळतं ते स्वातंत्र्य कसं असतं म्हणाल, तर अगदी बिनभपक्याचं. नाटकाच्या मध्यंतरात वडा गरम खाता येतो. रातराणीत बसताना पुढचा ढाबा किती वाजता, हे कंडक्टरला विचारावं लागत नाही. डॉक्टर येतात तेव्हा आपण खाटेशेजारी असतो. मुलगी गळ्यात पडते आणि नाक मुरडत नाही. यावर कुणी जाहिरात काढणार नाही, कारण यात विकण्यासारखं काहीच नाही. ज्यातून कुणाला कमाई होत नाही, ते स्वातंत्र्य खरं असण्याची शक्यता जास्त.

तेव्हा मर्जीवाल्यांनो, माझं ऐकू नका. उपदेश करायची मला हौस नाही. एवढंच करा. आज रात्री साडेअकराला पाकीट रिकामं निघालं, तर झोपून जा. आणि तसं न करता पायात चपला सरकवून उघडी टपरी शोधत स्टेशनापर्यंत गेलात, तर खुशाल ओढा. फक्त परत येताना मर्जीचं नाव काढू नका.