गर्दी पुसणारा कॅमेरा आणि आपली माणसे

शहराचे छायाचित्र सुंदर दिसायचे असेल तर त्यात माणसे नसावीत, असा समज अलीकडे पक्का होत चालला आहे. पर्यटनाच्या जाहिराती पाहा, बिल्डरांची माहितीपत्रके पाहा. रस्ते धुतल्यासारखे, चौक मोकळे, पदपथ रिकामे! आपल्या देशात भर दुपारी असा रिकामा चौक कुणी पाहिला आहे काय? मग तो छायाचित्रात येतो कुठून? काहीजण संगणकावर माणसे खोडतात. २०२१ साली गुगलने आपल्या मोबाईलमध्ये ‘मॅजिक इरेझर’ आणले. तेव्हापासून बोट फिरवले की माणूस गायब! परंतु काहीही न खोडता गर्दी नाहीशी करण्याची एक फार जुनी युक्ती छायाचित्रकारांना ठाऊक आहे. चळवळीच्या वाचकांनी ती नीट समजून घ्यावी असे आम्हाला वाटते.

कॅमेऱ्याचे शटर जेवढा वेळ उघडे, तेवढा वेळ समोरचा प्रकाश आत साठत जातो. भर उन्हात साधे छायाचित्र सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात निघते. भिंगासमोर काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावला की शटर जास्त वेळ उघडे ठेवता येते. प्रकाशाचा हजारावा भाग आत सोडणारी काच लावली तर आठ सेकंद आणि पासष्ट हजारावा भाग सोडणारी लावली तर जवळजवळ नऊ मिनिटे! कॅमेरा स्टँडवर पक्का बसवलेला असतो. या नऊ मिनिटांत चालणारा माणूस कोणत्याही एका जागेवर फार तर सेकंदभर असतो. पाचशे सेकंदांत त्याचा वाटा एक सेकंदाचा. तो उमटत नाही. इमारत, पुतळा आणि उभी करून ठेवलेली मोटार मात्र लख्ख उमटते.

दुसरी रीत संगणकाची. एकाच जागेवरून थोड्या थोड्या वेळाने वीसेक छायाचित्रे काढायची. फोटोशॉप प्रत्येक बिंदूपाशी या साऱ्या छायाचित्रांतले मधले मूल्य तेवढे ठेवते. जो माणूस निम्म्याहून कमी छायाचित्रांत त्या जागी आहे, तो बाद! म्हणजे प्रत्येक बिंदूवर जणू मतदान होते आणि बहुमत दर वेळी फरशीचे ठरते. राजकीय बहुमत बदलते, जमातवादी बहुमत मात्र जन्मानेच ठरलेले असते, हा फरक बाबासाहेबांनी दाखवून दिला होता. कायम ठरलेल्या बहुमतापुढे अल्पसंख्याकाचे काय होते, याचा हा यांत्रिक नमुनाच आहे.

या युक्तीचा जन्म छायाचित्रणाबरोबरच झाला. १८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसमधील ‘बुलेव्हार दु तांप्ल’ या रस्त्याचे छायाचित्र घेतले. रस्ता माणसांनी आणि घोडागाड्यांनी गजबजलेला होता. परंतु त्या काळच्या तबकडीला काही मिनिटे प्रकाश लागे, म्हणून सारा रस्ता ओस उमटला. एका कोपऱ्यात तेवढा एक माणूस दिसतो. तो बुटांना पॉलिश करून घेत होता, म्हणून जागचा हलला नाही. छायाचित्रात आलेला पहिला माणूस म्हणून जगभर त्याचेच नाव घेतले जाते. त्याच्या पायाशी बसलेला, ज्याचे हात सतत चालू होते, तो मात्र अस्पष्ट राहिला. तारयंत्राशी ज्यांचे नाव जोडले गेले ते सॅम्युएल मोर्स यांनी मार्च १८३९ मध्ये दागेर यांच्या तबकड्या पाहून पत्रातून त्यांचे वर्णन केले. त्या वर्णनात बूट साफ करून घेणारा गृहस्थ आहे. साफ करणारा आला आहे तो त्या गृहस्थाने पाय ठेवलेल्या पेटीपुरता!

पॅरिसच्या त्या कामगाराची जात नव्हती. आपल्याकडे कातड्याला आणि बुटाला हात लावणाऱ्याची जात असते. परंतु कॅमेऱ्याचा नियम दोन्हीकडे एकच आहे. ज्याला थांबणे परवडते तो उमटतो, ज्याचे पोट चालण्यावर आहे तो पुसला जातो. रस्त्यावर कोण चालत असते? झाडूवाली, हमाल, पाटीवाली, कचरा वेचणारी, कामावर निघालेला नाका कामगार. कुणीही कट केलेला नसतो, कुणाचा द्वेषही नसतो. नियमच असा असतो की हीच माणसे बाद व्हावीत. जातिव्यवस्थेचा मोठा भाग असाच चालतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

आणि पुसले जाणे आपल्याला नवे थोडेच आहे? पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावे लागे, त्याने तुडवलेली धूळ मागच्या मागे झाडली जावी म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हे नोंदवले आहे. रस्त्यावर काम करा, परंतु रस्त्यावर खूण ठेवू नका, असा तो हुकूम होता.

अलीकडचा दाखला घ्या. २४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि रिकाम्या मरीन ड्राइव्हची, रिकाम्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची छायाचित्रे कौतुकाने छापली गेली. मुंबई किती सुंदर आहे, असे उसासे सुशिक्षितांनी टाकले. त्या सौंदर्यातून वजा झालेली माणसे तेव्हा महामार्गावरून पायी गावी निघाली होती. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली चिरडले गेले. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने लोकसभेत सांगितले की, गावी परतताना मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी ठेवलेली नाही. आकडेवारी नाही, म्हणून भरपाईचा प्रश्नच नाही! पुसले जाणे ही केवळ भावनेची बाब नाही, ती हक्काची बाब आहे ती अशी.

आता कायद्याकडे येऊ. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाईलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा. फाईलमध्ये एका बिंदूचा जरी फेरफार झाला तरी तो बदलतो. परंतु नऊ मिनिटे शटर उघडे ठेवून घेतलेल्या छायाचित्रात फेरफार झालेलाच नसतो! प्रमाणपत्र खरे, हॅश बरोबर आणि पदपथ रिकामा.

यात धोका कुणाला आहे? २०१४ च्या पथ विक्रेता कायद्याच्या कलम ३ नुसार आधी सर्व विक्रेत्यांचे सर्वेक्षण झाले पाहिजे आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणाला हटवता येत नाही. म्हणजे सारा हक्क ‘तो तिथे होता’ या एका गोष्टीवर उभा आहे. लांब वेळेच्या छायाचित्रात जागेवर बसलेला विक्रेता पुसट का होईना उमटेल. डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी बाई उमटणार नाही. कायदा मात्र दोघांनाही विक्रेता मानतो. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क कलम २१ च्या जगण्याच्या हक्कात धरला. परंतु ज्याचे अस्तित्वच कागदावर नाही, त्याने कोणत्या उपजीविकेचे रक्षण मागायचे?

तंत्राला शिव्या घालून काही होणार नाही. हेच तंत्र वापरून अलेक्सी तितारेंको यांनी १९९२ ते १९९४ या काळात, सोव्हिएत सत्ता कोसळल्यानंतरच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये मेट्रो स्थानकाच्या दारातील गर्दी टिपली. तिथे माणसे नाहीशी झाली नाहीत. ती इतकी दाट होती की त्यांचे धुके झाले आणि कठडा धरलेले हात तेवढे स्पष्ट उमटले. एकेकटा चालणारा पुसता येतो, खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला समुदाय पुसता येत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत तासन् तास उभ्या राहणाऱ्या लाखोंवर हा प्रयोग केला तर त्यांचा एक पांढरा लोट उमटेल. समुदाय दिसेल, माणूस हरवेल. म्हणून तेवढ्यावर समाधान मानू नये. माणूस चेहऱ्यासह दिसावा लागतो. मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे कॅमेऱ्यात धरणारे सुधारक ओलवे यांनी हेच काम केले आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. पालिका, प्राधिकरण किंवा बिल्डर यांनी जागा मोकळी असल्याचे छायाचित्र पुढे केले, तर मूळ फाईल मागा आणि शटर किती वेळ उघडे होते ते विचारा. ही वेळ कॅमेरा फाईलमध्ये स्वतःच लिहून ठेवतो. अनेक छायाचित्रांतून एक केले असेल तर ती सारी छायाचित्रे मागा. आपल्या वस्तीची, नाक्याची, बाजाराची छायाचित्रे साध्या वेगाने, सकाळ-दुपार-संध्याकाळ घ्या. मूळ फाईल जपून ठेवा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या छायाचित्रातून ही माहिती गळून जाते. आणि छायाचित्राबरोबर वहीत तारीख, ठिकाण, माणसाचे नाव आणि काम लिहा. बाबासाहेबांनी आपल्याला कागदाचे मोल शिकवले आहे. आपली नोंद दुसरा कुणी ठेवील, या भरवशावर राहू नका.