खडा सोन्याच्या भावात?

लेकीच्या लग्नासाठी लोंबते डूल पाहिले. वर हिऱ्याची कुडी, खाली थेंबासारखा पाचू. बिलात मात्र एकच आकडा: 9 ग्रॅम, सगळं सोन्याच्या भावाने. म्हटलं, "खड्यांचं वजन वेगळं लिहा." पेढीवरचा माणूस हसला, "ताई, एवढंसं तर आहे!"

एवढंसं? 5 कॅरेट म्हणजे 1 ग्रॅम. मोडीला गेलं की तोच ग्रॅम बरोबर वजा होतो. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. पाचूबद्दल अवाक्षर काढत नाही. म्हणून निव्वळ सोनं, हिरे, पाचू, घडणावळ हे सगळं वेगवेगळं लिहून घ्यावं. मी बिल बदलून घेतलं, मगच पैसे मोजले.

आणि हो, पाचूच्या भेगांत बहुधा तेल मुरवलेलं असतं. गरम पाण्यात बुडवू नका. आई मऊ फडक्याने पुसायची, तेच खरं.