राखणदार दारातच हवा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनवरून गेलं आणि आमच्या आळीत पोफळी आडव्या पडून वाट बंद झाली. बाहेरची मदत यायला वेळ लागणारच होता. पहिला कोयता चालवला तो आळीतल्याच माणसांनी. आरोग्यसेविका म्हणून मी तीस वर्षं लस टोचली. शरीरातही पहिली झुंज अशी जागेवरचेच देतात, हे मात्र निवृत्तीनंतर वाचताना कळलं.

विषाणू एकदा येऊन गेला की त्याला ओळखणाऱ्या काही टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तात फिरत राहतात. काही मात्र नाकाच्या अस्तरात, फुफ्फुसात, आतड्यात, कातडीत मुक्काम ठोकतात. तोच विषाणू पुन्हा शिरला की काही तासांतच त्या इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात, कुमक बोलावतात, लागण झालेली पेशी मारतात. नवख्या शरीराला याच तयारीला आठवडाभर लागतो. रक्ततपासणीत या पेशी दिसत नाहीत. करोनात लोक अँटिबॉडीचा आकडा उतरला म्हणून घाबरून माझ्याकडे यायचे. तेव्हा मला हे सांगता आलं नाही, याची खंत वाटते.

माझ्या आजीच्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण होता. ती लस कातडी ओरखडून देत. अशा ओरखड्याने कातडीत वस्तीला राहणाऱ्या पेशी तयार होतात आणि स्नायूत टोचण्यापेक्षा संरक्षण भक्कम मिळतं, असं २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. पोलिओचा डोसही आम्ही तोंडातच घालायचो, कारण तो विषाणू आतड्यात वाढतो आणि थेंबांनी तिथेच पहारा बसतो.

फ्लू आणि करोना नाकातून शिरतात, आपण टोचतो दंडावर. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्लूवर नाकात फवारायची लस आणली. जानेवारी २०२३ मध्ये भारत बायोटेकची करोनावरची नाकातली लस आली. साथ ओसरली तशी त्यांची चर्चाही ओसरली, आणि मला हेच चुकीचं वाटतं. अडचण खरी आहे: उंदरांच्या फुफ्फुसातल्या या पेशी काही महिन्यांत घटतात, कातडीतल्यांइतक्या टिकत नाहीत. त्या टिकवायच्या कशा, हे शोधायला वर्षं लागतात. साथीच्या धावपळीत ते जमत नाही. म्हणून सरकारने पैसा आत्ता, साथ नसताना घालावा.

करोनात आमच्या जीवना बंदरावरचे कितीतरी खलाशी लशीला मुकले. आमचं सत्र दहाला सुरू व्हायचं, होड्या पहाटेच सुटलेल्या असायच्या. नाकात घालायचे थेंब हाताशी असते, तर मी अंधारातच धक्क्यावर जाऊन उभी राहिले असते.