रीडिंग जुळत नाही? खोडू नका!

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये एक गोष्ट सर्रास दिसते. ग्राफवर नऊ पॉइंट सरळ रेषेत येतात, दहावा लांब पडतो. मग खोडरबर लावून त्याला गुपचूप रेषेवर बसवलं जातं. मार्क मिळतात, व्हायवा सुटतो. पण तो लांब पडलेला पॉइंटच खरा असेल तर?

ओझोनची गोष्ट ऐका. जमिनीवरचं डॉबसन यंत्र सूर्याच्या अतिनील प्रकाशातल्या दोन तरंगलांबींची तुलना करतं. एक ओझोन जास्त शोषतो, दुसरी कमी. त्यावरून डोक्यावर एकूण किती ओझोन आहे ते कळतं. पुण्यात हवामान खात्याने याच यंत्राने वर्षानुवर्षे नोंदी घेतल्या. उपग्रह मात्र खालून परतलेला प्रकाश मोजतो. तो सगळी पृथ्वी बघतो, अगदी आपलं नांदेड-लातूरसुद्धा. पण ढगाखालचा ओझोन त्याला नीट दिसत नाही, आणि वर गेलेलं यंत्र हळूहळू झिजतं. 1978 साली निंबस-7 वरून गेलेल्या 'टॉम्स'चं असंच झालं. त्याचे आकडे सरकत चाललेत, हे जमिनीवरच्या डॉबसनशी ताडून पाहिल्यावरच पक्कं झालं.

मग जमीन खरी आणि उपग्रह खोटा? तसंही नाही! अंटार्क्टिकावर 180 युनिटपेक्षा कमी आकडे आले की टॉम्सच्या प्रोग्रॅममध्ये त्यांच्यावर संशयाची खूण पडायची. नासाने ते फेकून दिले असं सांगतात, ते खरं नाही; आकडे जपलेले होते. 1984 मध्ये शास्त्रज्ञांनी ते दक्षिण ध्रुवावरच्या डॉबसनशी ताडले, तर तिथे 300 च्या आसपास! पुढे कळलं, ती जमिनीवरची नोंदच चुकलेली होती. तोवर मे 1985 मध्ये जोसेफ फारमन आणि सहकाऱ्यांनी हॅली केंद्रावरच्या नोंदींवरून ओझोनची घट जगासमोर मांडली. उपग्रहाच्या जपलेल्या आकड्यांनी मग त्या भगदाडाचा पूर्ण नकाशा दाखवला. 1987 साली माँट्रियल करार झाला.

मला यातून एवढंच म्हणायचंय की, एका यंत्रावर विसंबू नये आणि न जुळणारं रीडिंग खोडू नये. त्याच्यावर खूण करावी, कारण शोधावं. आपल्या मराठवाड्यात हे वेगळं सांगायला नको. महसूल मंडळात 24 तासांत 65 मि.मी. पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. तिथे पर्जन्यमापकाचा एक आकडा चुकला, तर शेतकऱ्याची मदत अडू शकते. उद्या असे आकडे घेणारी यंत्रं आपणच बनवणार, तपासणार आहोत.

म्हणून सरांना एक विनंती. जर्नलमध्ये 'न जुळलेली रीडिंग्ज' असा एक रकाना ठेवा आणि त्यालाही मार्क द्या. खोडरबर कमी झिजेल, डोकं जास्त चालेल!