यूझुफ्रक्ट : धनी एक, खाणारा दुसरा

परवा शेजारचा एक पोरगा कागद घेऊन आला. आजोबांच्या वेळचे गहाणखत, आणि ते शेत सोडवण्यासाठी वकिलाने तयार केलेली इंग्रजी नोटीस. सही करण्याआधी समजून घ्यावी म्हणाला, ते शहाणपणाचे केले. एका शब्दावर अडला होता. ‘काका, यात हा युसूफ कोण?’

युसूफ कोणी नाही, बाबा. शब्द आहे ‘यूझुफ्रक्ट’. इंग्रजी शिकलेल्यांतही पुष्कळांनी तो ऐकलेला नसतो, कारण तो कोर्टकचेरीबाहेर फारसा पडत नाही.

मूळ लॅटिन, म्हणजे जुन्या रोमन लोकांच्या भाषेतले. ‘ऊसुस’ म्हणजे वापर आणि ‘फ्रुक्तुस’ म्हणजे फळ, उत्पन्न. इंग्रजीतले ‘यूज’ आणि ‘फ्रूट’ त्याच घरचे. दोन्ही जोडून अर्थ झाला : वस्तू दुसऱ्याची, पण वापरायची आपण आणि तिचे फळ खायचेही आपण.

रोमन घरधनी मृत्युपत्रात शेत मुलांच्या नावे करी आणि हयातभर त्याचे उत्पन्न बायकोने खावे असे लिहून ठेवी. ती गेली की हक्क संपला. पाउलुस नावाच्या रोमन कायदेपंडिताने याला एक मोठी अट सांगितली आहे : मूळ वस्तूला धक्का लागता कामा नये. मेंढरांचा कळप असेल तर लोकर, दूध, कोकरे खाणाऱ्याची. मात्र मेंढी मेली तर त्यातलीच कोकरे घालून कळप पुरा राखायचा. दासीला झालेले मूल हे फळ धरायचे का, यावरही तिथे वाद झाला होता. माणूस हे फळ नव्हे, असे ठरले. ते मूल मूळ मालकाचे गुलाम होई, हे निराळे.

आता आपल्या बांधावर येऊ. आपण ज्याला ताबेगहाण किंवा कब्जेगहाण म्हणतो, त्याला १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात याच शब्दावरून नाव दिले आहे. सावकाराने पैसे दिले, शेत कसायला घेतले, पीक व्याजापोटी किंवा मुदलापोटी, नाहीतर दोन्हींपोटी खाल्ले. मालकी मात्र आपलीच. रोमन लोकांची अटही या कायद्यात आहे. ताबा घेणाऱ्याने मालमत्तेचा नाश होईल किंवा तिला कायमची इजा पोचेल असे काही करायचे नाही. पोराच्या शेतातली आंब्याची दोन जुनी झाडे त्या माणसाने बुंध्यापासून तोडून विकली होती. आंबे खाल्ले असते तर ते फळ होते. झाड हे मूळ.

गावात एक समजूत पक्की बसली आहे, की तीस वर्षे झाली, आता शेत गेले. या जातीच्या गहाणापुरते ते खरे नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ताबेगहाणात केवळ गहाणाच्या तारखेपासून मुदत मोजून धनकोला मालक होता येत नाही. देणे उत्पन्नातून फिटले, किंवा उरलेली रक्कम आपण दिली अथवा कोर्टात भरली, की तेव्हापासून मुदत चालू होते.

मुदतखरेदीचे मात्र वेगळे आहे, आणि तिथेच आपली माणसे फसतात. खरेदीखत करून द्यायचे आणि ‘पैसे दिलेस की परत लिहून देईन’ असा शब्द तोंडी किंवा वेगळ्या कागदावर घ्यायचा. १९२९ च्या दुरुस्तीपासून ती अट त्याच खरेदीखतात नसेल तर कायदा त्याला गहाण मानत नाही. कितीही गोड बोलणारा असो, एकच कागद मागा. शंभर रुपयांच्या वरचे ताबेगहाण तर नोंदवलेले आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्यांचे लागते.

पोराच्या कागदावर ‘व्याजाबदली उत्पन्न खावे’ एवढेच होते. म्हणजे मुद्दल देणे आलेच. रक्कम ऐकून तो हसला. आजोबांच्या काळचे सातशे रुपये! आता नोंदणी कचेरीतून दस्ताची नक्कल काढायला गेला आहे, आणि येताना त्या दोन झाडांच्या बुंध्यांचा घेर मोजून आणणार आहे.